आत्याची गाडी गप्प केली

आमच्या घरात वस्तू विकत घेत नाहीत, निवडतात. आणि निवडायचं काम माझ्याकडे असतं. पंखे, गाद्या, सासूबाईंच्या चष्म्याची फ्रेम, मेहुण्याचा लग्नातला सूट, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. मी दुकानात शिरलो की दुकानदाराच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्याला मी आदर म्हणतो. बायको वेगळा शब्द वापरते.

त्यामुळे आत्याच्या स्पोर्ट्स कारसाठी कमी आवाजाचा सायलेन्सर निवडायची कामगिरी माझ्यावर आली, यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते आत्याकडे स्पोर्ट्स कार होती याचं.

आत्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. निवृत्त झाल्यावर बायका गुडघ्यांना सोसेल असं तळमजल्यावरचं घर शोधतात. आत्याने चौथ्या मजल्यावरचं घर तसंच ठेवलं आणि जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटायला लावणारी एक जुनी लाल गाडी शोधून आणली. दोन दारं, दोन सीट, आणि मागे एखादं दप्तर कसंबसं मावेल एवढी जागा. आत बसायची पद्धत अशी, की आधी स्वतःला सोडून द्यायचं, मग पाय गोळा करायचे आणि शेवटी अब्रू. आधीच्या मालकाने हौसेपोटी तिचा मूळचा सायलेन्सर काढून तिथे नुसतं एक जाडजूड नळकांडं बसवलं होतं. आत्याने किल्ली फिरवली की आमच्या खिडकीच्या काचा, कपाटातल्या बश्या आणि माझ्या वरच्या दाढेतली चांदी एकाच वेळी वाजायची. आणि एवढी गर्जना करून गाडी निघायची कशी? तर मंडईत भाजी बघत चालावं तशी. सायकलवाले तिला मागे टाकून जायचे आणि जाताना वळून बघायचे.

रोज सकाळी ती गाडी काढायची. वाचनालय, बँक, जुन्या सहकारी बाईंचं घर, परत. काम असो नसो. लग्न तिने केलं नाही, शाळा सुटली, वरच्या घरात ती एकटी. मी खालच्याच मजल्यावर राहतो, पण भाचा म्हणजे काही शाळा नव्हे. "ही गाडी आहे म्हणून मी रोज सकाळी बरी साडी नेसते," असं ती मला एकदा म्हणाली होती. "गाडी गेली की मी गाऊनवर आले म्हणून समज. आणि गाऊनवर आलेली बाई मग गाऊनवरच राहते, छोट्या." माझं वय पन्नाशीचं आणि केस मोजके आहेत, पण आत्यासाठी मी छोट्याच.

तर एक दिवस ते नळकांडं चिरलं. आधी जी गर्जना होती तिचा स्फोट झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि इमारतीची बैठक बसली.

आता इमारतीचे अध्यक्ष हे आत्याचे विद्यार्थी. आज ते बड्या कंपनीत साहेब आहेत, पण आत्या जिन्यात दिसली की त्यांचे हात आपोआप पाठीमागे जातात. पूर्वीही ते तक्रार घेऊन तिच्याकडे गेलेले होते. दारात उभं राहून, पायाच्या अंगठ्याकडे बघत, "बाई, ते गाडीचं जरा..." असं काहीसं पुटपुटले होते. आत्या म्हणाली, "आवडली ना? चल, चक्कर मारून आणते." अध्यक्ष चक्कर मारून परत आले आणि तक्रार तशीच खिशात राहिली. बाकीच्यांचीही तीच गत. तिच्यासमोर आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती. सगळे तिच्याशी अदबीने, खालच्या पट्टीत बोलायचे आणि ती सगळ्यांना खणखणीत उत्तरं द्यायची. आयुष्यभर तिचं काम बोलायचं होतं. ऐकायचं काम इतरांचं.

बैठकीत ठरलं, की गाडी गप्प करावी, नाहीतर आवारातून हलवावी. आवाराबाहेर गाडी ठेवायला जागा कुठेच नव्हती, म्हणजे हलवणं म्हणजे विकणं. आणि हे बाईंना सांगायचं कोणी? सगळे माझ्याकडे वळले.

मी वर गेलो. "आत्या, गाडीच्या आवाजाचं लोकांना..."

"आवाज? कुठे आहे आवाज?" आत्या म्हणाली. "छान हळू गुरगुरते बिचारी. नळी चिरलीय मात्र. बदलून टाक. मी धाकट्या बहिणीकडे चाललेय थोडे दिवस, तोवर करून ठेव."

मी याला तिचा मिश्कीलपणा समजलो. खाली येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, काय पण वकिली करते गाडीची!" बायको म्हणाली, "अहो, मग त्या परत आल्यावरच बसवा ना. त्यांना चालवून बघू दे." मी तिला समजावलं, की पंखा निवडताना आपण पंख्याखाली झोपणाऱ्याला दुकानात नेत नाही. हे वाक्य तेव्हा मला फार चांगलं वाटलं होतं.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिला आला डेसिबल. हा आमच्या शेजारचा निवृत्त इंजिनियर. त्याच्या फोनमध्ये आवाज मोजायची सोय आहे आणि ती मिळाल्यापासून माणूस कामातून गेला आहे. मिक्सर, लिफ्टचं दार, नळ, सगळं मोजतो. बायकोचं घोरणं मोजून त्याने तिला आलेख काढून दाखवला, त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. त्याने मला आकडा दिला. गाडी त्या आकड्याच्या खाली आली तरच तो संमती देणार होता. त्याच्या संमतीची गरज आहे असं बैठकीत कोणी म्हटलं नव्हतं, पण त्याने ती देऊ केली.

मग गाणंबाई. या दुसऱ्या मजल्यावर गाणं शिकवतात, पातेलं त्यांचंच. "आवाज मोठा आहे याबद्दल माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "तो बेसूर आहे. काळी दोनमध्ये एखादा मिळतो का बघा." मी वहीबिही काढली नाही, पण गंभीरपणे मान हलवली. सल्ला देणाऱ्यापुढे मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

गॅरेजमध्ये माझं स्वागत काही बरं झालं नाही. तिथला मालक सायलेन्सरमध्ये मुरलेला. भिंतीवर चकचकीत नळ्या शिंगांसारख्या टांगलेल्या. तो ओरडूनच बोलायचा, कारण शेजारी सतत काहीतरी घासलं जात असायचं.

"साहेब, हा बघा! हा लावला की गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म वाजतात!"

"मला कमी आवाजाचा हवाय."

"काय?"

"कमी! आवाज कमी!"

त्याने शेजारचं मशीन बंद करायला लावलं. ऐकण्यात चूक झाली नाही याची खात्री झाल्यावर त्याचा चेहरा पडला. "साहेब, इथे लोक आवाज वाढवायला येतात. या गाडीचा आवाज कमी करायचा? मग त्यापेक्षा विकून टाका आणि फ्रीज घ्या." पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. नाक मुरडत का होईना, तो कामाला लागला.

पहिला सायलेन्सर बसवला. बाहेर उभं राहिलं तर सुरेख. बायकोला शेजारी बसवून मी चक्कर मारायला निघालो आणि एका वेगाला गाडीच्या आतून असं काही घुमायला लागलं, की माझा चष्मा नाकावरून चालत खाली आला. बायकोच्या कानातली डुलं थरथरत होती. ती काहीतरी म्हणत होती ते मला तिच्या चेहऱ्यावरून समजलं, आणि ऐकू आलं नाही हे एक प्रकारे बरंच झालं. गॅरेजवाल्याने उपाय सांगितला, "तो वेग टाळा. त्याच्या वर चालवा." आता आत्या आयुष्यात त्या वेगाच्या वर गेलीच नव्हती. सायलेन्सर परत.

दुसऱ्यात त्याने मध्ये आणखी एक डबा जोडला. घुमणं गेलं, पण शेपटाकडून शीळ यायला लागली. बारीक, लांब, करुण शीळ. पहिल्याच वळणावर मागे एक कुत्रं लागलं. इमारतीपर्यंत येईतो त्याचे नातेवाईकही आले. मी गाडीतून उतरलो (म्हणजे आधी अब्रू, मग पाय) आणि कुत्री गाडीला घेरून बसली. गाणंबाई गॅलरीत आल्या, डोळे मिटून ऐकलं आणि वरून म्हणाल्या, "हाच ठेवा! अगदी काळी दोन!" डेसिबलचाही आकडा खाली आला होता. पण कुत्र्यांचा आकडा त्याने त्यात मिळवला आणि संमती नाकारली.

आता माझी निवडायची भूक खवळली. मी वाचलं, लोकांना विचारलं, जेवताना वरणाच्या वाटीत चमचा वाजवून डब्यांचे प्रकार समजावून सांगितले. शेवटी मूळच्या धर्तीवर बनवलेला, आतून दाट लोकर भरलेला, दोन डब्यांचा एक सायलेन्सर मी शोधून काढला. काळा, कुरूप, जड. गॅरेजवाल्याने तो उचलताना असा उचलला, की त्याला खांदाच देत असावा.

बसवला. किल्ली फिरवली. काही नाही. गॅरेजवाला म्हणाला, "बॅटरी गेली." मी म्हणालो, "सुरू आहे." त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "कमाल आहे," तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता. मला मात्र इतका आनंद झाला होता, की जुन्या नळकांड्याचं काय करू असं त्याने विचारल्यावर मी नुसता हात झटकला.

अध्यक्षांना आता सरकारी दाखला हवा होता. वाहन कार्यालयात मी रांगेतून खिडकीपाशी पोहोचलो.

"आवाज वाढवलाय?" खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

"नाही, कमी केलाय."

"मग तक्रार कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही. कमी केल्याचा दाखला हवाय."

"वाढवल्याबद्दल दंड आहे. कमी केल्याबद्दल आमच्याकडे काही नाही." मग त्यांना माझी दया आली असावी. "वाढवून आणा, दंड भरा, मग कमी करा. म्हणजे नोंद होईल."

मी हुज्जत घातल्यावर एक निरीक्षक बाहेर आले. "गाडी सुरू करा." "सुरू आहे साहेब." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. बॉनेट उघडायला लावलं. इंजिन आहे, ते फिरतंय, हे पाहिल्यावर त्यांनी खाली वाकून शेपटाला कान लावला. साध्या कागदावर 'वाहन शांत आहे' असं लिहून खाली सही ठोकली. तो कागद मी अध्यक्षांना दिला तेव्हा आवारात टाळ्या वाजल्या. डेसिबलने फोन वर धरला आणि जाहीर केलं, की टाळ्यांचा आवाज गाडीपेक्षा जास्त आहे. पंख्यापासून सुरू झालेल्या माझ्या कारकिर्दीतला हा कळस होता. त्या संध्याकाळी मी घरातसुद्धा जरा ताठ चालत होतो.

आत्या परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरी साडी, हातात पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा अशी खाली उतरली. मंडळी सहज जमल्यासारखी जमली होती. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.

तिने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तिने पुन्हा फिरवली, आणि चालू इंजिनावर ती किल्ली अशी करकरली, की गाणंबाईंनी कान झाकले.

"चालू होत नाही रे," आत्या म्हणाली.

"चालू झालीय आत्या."

तिने पुन्हा फिरवली. पुन्हा करकर. "छोट्या, काय करून ठेवलंस? चालू होत नाहीये."

मी हसून समोरच्या काट्याकडे बोट दाखवलं. तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गिअर टाकला. नको तेवढा जोर देऊन क्लच सोडला आणि गाडीने अध्यक्षांच्या कुंड्यांची रांग आडवी केली. अध्यक्ष हात पाठीमागे ठेवून म्हणाले, "काही हरकत नाही बाई." आत्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला तो तिचा तोरा वाटला.

रस्त्यावर आलो. गाडी पहिल्या गिअरमध्येच. काटा वर वर चाललेला, जळका वास यायला लागलेला. "आत्या, दुसरा टाक," मी म्हणालो. काही नाही. "आत्या, गिअर." काही नाही. ती डोकं किंचित कलतं करून बसली होती, वर्गात मागच्या बाकावरून कोण कुजबुजतंय ते शोधताना बसायची तसं. मग एकदम तिसरा टाकला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध धक्के खाऊन बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. भलेमोठे हॉर्न, एका ट्रकचा तर कानठळ्या बसवणारा. त्या ट्रकच्या हॉर्नला मात्र तिने दचकून वळून पाहिलं. बाकीच्यांना नाही.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार उशिरा पडला. कुठे आहे आवाज, छान हळू गुरगुरते. ती मिश्कीलपणे बोलत नव्हती. तिला ती गर्जना तेवढीच ऐकू येत होती. त्या गुरगुरण्यावर ती गिअर बदलायची, त्यावरून तिला वेग कळायचा, वळणावर तो किती कमी करायचा ते कळायचं. जगातली बाकीची माणसं तिच्याशी खालच्या पट्टीत बोलत होती. मोठ्याने बोलत होती ती एकटी गाडी. आणि तिला मी निवडून निवडून गप्प केलं होतं.

मी उतरून गाडी कशीतरी ढकलत कडेला घेतली, परत तिच्या शेजारी बसलो, हात लांबवून किल्ली फिरवली. आत्याने दोन्ही हात चाकावर ठेवले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता,

"छोट्या, गाडी आत्ता चालू आहे का रे?"

मी मान डोलावली.

"बरं," ती म्हणाली. मग तिने दार उघडलं, उतरली आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. मी सरकून चाकामागे गेलो. घरी येईपर्यंत ती बाहेर बघत होती. आवारात सगळे वाट बघत होते. डेसिबलने फोन वर धरला, पण आमची तोंडं बघून खाली केला.

पुढचं लवकर झालं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि यंत्र दिलं. आत्याने ते एके दिवशी लावलं, गाडीत बसली, मला किल्ली फिरवायला लावली. "इंडिकेटरची टिकटिक येते," ती म्हणाली. "सीटची करकर येते. तू धापा टाकतोस ते येतं. गाडी काही येत नाही." यंत्र काढून डबीत ठेवलं. "निवड मात्र चांगली केलीस हो." ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

मी गॅरेजमध्ये धावलो. नळकांडं भंगारात कधीच गेलं होतं, पण गॅरेजवाला खुलला. "त्याच्याहून दणदणीत बसवून देतो साहेब! वरच्या मजल्यावर चहाचे कप नाचतील!" इमारतीतही पश्चात्तापाची लाट आली होती. अध्यक्षांनी स्वतः येऊन सांगितलं, की बाईंची गाडी कितीही वाजू दे, दाखला फाडून टाकतो. गाणंबाई म्हणाल्या, सुराचं नंतर बघू. डेसिबलने आकडा बदलून दिला, आणि त्याच्या दृष्टीने हा मोठा त्याग होता. मला हायसं वाटलं. चूक झाली होती, पण दुरुस्त होण्यासारखी होती. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो.

आत्या खिडकीशी बसली होती. गाऊनवर. मी तिच्या समोर स्टूल ओढलं आणि तिला सगळं ओरडून सांगितलं, की आहे त्याहून मोठ्या आवाजाचा बसवतोय, सगळ्यांची परवानगी आहे, उद्या सकाळी गाडी पहिल्यासारखी होईल. जिन्यात कोणीतरी थबकल्याचंही मला जाणवलं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आवाज तू आणशील रे परत," ती म्हणाली. "त्याची मला काळजी नाही. पण मला ऐकू येत नाही, हे मला आता माहीत झालंय ना? ते कुठून बदलून आणशील?"

त्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. पण ते तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणावं लागलं असतं. मी स्टूल आणखी जवळ ओढलं.